टर्कीला बोलवायची पाटी

शिकारीचा परवाना काढला, हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला (अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात १९६७ पासून पुढे जन्मलेल्यांना तो लागतोच), आणि मग कळलं की बंदुकीपेक्षा अवघड काम वेगळंच आहे. वसंतातल्या हंगामात टर्की या रानपक्ष्याचा नर टिपायचा तर आधी मादीचा आवाज काढता आला पाहिजे. त्यासाठीचं साधन म्हणजे ‘कॉल’.

दुकानात आधी घेतला तोंडात धरायचा, कारण सगळ्यात स्वस्त. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या, पण छोट्याशा चौकटीवर ताणलेला लॅटेक्सचा पडदा. टाळूला चिकटवून फुंकायचा. हात मोकळे राहतात म्हणून मुरलेले शिकारी हाच वापरतात. मला दोनदा ओकारी आली, तिसऱ्यांदा वाफ सोडणाऱ्या कुकरचा आवाज निघाला. बायकोने तो घरात वाजवायला बंदी घातली.

लाकडी पेटीचा कॉल नवख्यालाही पाच मिनिटांत जमतो. झाकणाला खडू लावून ते पेटीच्या कडेवर घासायचं. आर्कान्साच्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये याचं पेटंट घेतलं. पण लाकूड ओलं झालं की पेटी मुकी, आणि एप्रिलच्या पहाटे दव असतंच.

शेवटी घेतली पाटी. खरीखुरी! तळहातात मावणाऱ्या गोल डबीत बसवलेली, सोबत लाकडी काडी. पाटी पॉलिश पेपरने जरा खरखरीत करायची, काडी पेन्सिलीसारखी तिरकी धरायची आणि न उचलता छोटी वर्तुळं काढायची. ज्या कर्रर्र आवाजासाठी गुरुजींनी आम्हाला अंगठे धरायला लावले, त्यासाठी मी डॉलर मोजले!

शेजारचे आजोबा म्हणाले, “कमी वाजव.” एरवी नर गडगडाटासारखी हाक देतो आणि मादी त्याच्याकडे जाते; आपण ही रीत उलटी करतो. सारखं वाजवलं तर तो पिसारा फुलवून जागीच थांबतो, येईलच ती म्हणून. दुसरं, टर्कीचा आवाज आला म्हणून तिकडे दबकत जायचं नाही, तिथे दुसरा शिकारी असू शकतो. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, कारण नराचं डोकं त्याच रंगांचं.

पहिल्या पहाटे आजोबांशेजारी ओकच्या बुंध्याला टेकून तीनदा वाजवलं. टेकडीपलीकडून गडगडाट आला. पुन्हा आला, जवळून. मी काडी टेकवली, तर ती हाताच्या घामाने भिजलेली. पाटीवरून नुसतीच घसरली. आजोबांनी न बोलता खिशातून आपली कोरडी काडी काढून दिली, पण तोवर नर ओढ्यापलीकडे निघून गेला होता.