घळीचा ओढा : चार फेऱ्या, एक गटांगळी आणि अजून न उतरलेले सहाशे मीटर

नकाशावर बोट ठेवून "हा ओढा कयाकने, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या छोट्या होडीने, उतरायचा" असं ठरवल्याला आता बरेच महिने झाले. आजवरचा हिशोब सांगतो : चार फेऱ्या, त्यातल्या दोन होड्यांशिवाय. पायपीट तीसेक किलोमीटर, वल्हवणं जेमतेम दोन. ज्यांना हा छंद नाही त्यांना यातला तोटाच दिसतो. ज्यांना आहे त्यांच्यासाठी ही नोंद.

आम्ही तिघं. सर, ज्यांनी मला रोल (उलटलेली होडी आत बसूनच सरळ करणं) शिकवला, ताई, आमच्यातली सगळ्यात स्वच्छ वल्हवणारी, आणि मी. तीन ही अशा ओढ्यासाठी किमान संख्या. एक अडकला तर एकाने दोर धरायचा आणि एकाने त्याच्यापर्यंत पोचायचं. दोघंच असाल तर यातलं एक काम कोणीच करत नाही.

सुरुवात नकाशापासून. त्यावर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा. आमचा पट्टा २.६ किलोमीटरचा आणि तेवढ्यात पाणी १४० मीटर खाली येतं, म्हणजे किलोमीटरला साधारण ५४ मीटर. पण या सरासरीवर जाऊ नये. रेषा ओढ्याला कुठे कुठे कापतात ते मोजलं तर पहिल्या किलोमीटरला उतार फक्त २० मीटर, शेवटच्या किलोमीटरला ४०, आणि मधल्या ६०० मीटरांत तब्बल ८०. त्या ६०० मीटरांत दोन्ही काठांच्या रेषा पाण्याला चिकटल्या आहेत. म्हणजे घळ. शिवाय २० मीटरच्या नकाशात पंधरा मीटरचा धबधबा दोन रेषांच्या मध्ये आरामात लपतो, त्यामुळे "नकाशावर धबधबा नाही" या वाक्याला काही अर्थ नाही.

उपग्रहाच्या चित्रांनी तर फसवलंच. वरच्या भागात दोन ठसठशीत पांढरे ठिपके दिसले, आम्ही त्यांना मोठे खळाळ समजून नावंसुद्धा ठेवली. जागेवर गेल्यावर कळलं की ते उन्हात पांढरा पडलेला कोरडा कातळ आहे. चित्र पाणी आटलेलं असतानाचं होतं. आणि घळ होती पूर्ण सावलीत, काळी रेघ नुसती.

पहिली फेरी मुद्दाम पाणी कमी असताना केली. भरल्या ओढ्यात दिसतो तो फेस. खडकांची खरी ठेवण पाणी उतरल्यावरच कळते. चार किलोमीटर चालून वरच्या टोकाला पोचलो आणि पात्रातूनच खाली निघालो. पाणी मोजलं ते तरंगत्या काटकीने : १० मीटर सरळ पट्टा, काटकीला लागले २० सेकंद. सरासरी रुंदी ४.५ मीटर, खोली ०.३. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं म्हणून ०.८५ ने गुणायचं. उत्तर आलं ०.५७, म्हणजे अर्ध्या क्युमेकहून (सेकंदाला अर्धा घनमीटर) जरासं जास्त. होडी घासत न्यावी लागेल इतकंच.

जिथे होड्या उतरवायच्या तिथे एक बसका दगड आहे, अगदी पाय पसरून बसलेल्या अस्वलासारखा. त्यालाच पाण्याची खूण केलं. त्या दिवशी अस्वलाचे पंजेसुद्धा कोरडे होते.

त्या फेरीत दोन गोष्टी सापडल्या. पहिली, वळणावरचा एक साधा, निरुपद्रवी दिसणारा खडक. सरांनी जवळचं दोन मीटरचं वल्हं त्याच्या खाली सारलं, ते शेवटच्या पात्यापर्यंत आत गेलं. खालून पूर्ण पोखरलेला. भरल्या पाण्यात असा खडक ओळखायची खूण म्हणजे उशी. पाणी घट्ट खडकावर आपटलं की त्याच्या तोंडाशी उशीसारखं फुगतं. प्रवाह सरळ खडकाकडे जातोय आणि उशी दिसत नाही, तर समजायचं की पाण्याला खालून वाट आहे. दुसरी गोष्ट डावीकडच्या फाट्यावर : तीन धोंडे एकमेकांत अडकलेत आणि पाणी त्यांच्या फटींमधून पसार होतं. माणूस होणार नाही. तिचं नाव गाळणी.

घळीच्या तोंडाशी धबधबा. थ्रो बॅगच्या (बचावाचा दोर भरलेली, फेकायची पिशवी) दोराला दगड बांधून सोडला : ७ मीटर. खालच्या डोहात उजवीकडे तळ तीन मीटरवर लागला, डावीकडे मात्र एका मीटरवर कातळाची पायरी. म्हणजे लाईन (होडी न्यायची वाट) उजवी, वादच नाही. धबधब्याच्या अगदी वर डाव्या हाताला ऐसपैस एडी (प्रवाहाच्या कडेचं शांत पाणी, जिथे होडी थांबवता येते) होती, तीन होड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी. "इथे थांबू, उतरून बघू, मग ठरवू," असं मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्या रेघेबद्दल पुढे येईलच.

एक सूचना फोटोंबाबत. चौकटीत माणूस नाहीतर वल्हं उभं केल्याशिवाय फोटो काढू नका. घरी बघताना प्रत्येक उडी गुडघ्याएवढी वाटते.

दुसरी फेरी पाऊस थांबल्याबरोबर, तीही होड्यांशिवाय. अस्वल छातीपर्यंत बुडालेलं. घळीचा आवाज पाऊण किलोमीटरवरून ऐकू येत होता आणि गाळणीवर पाणी असं गुळगुळीत वाहत होतं की खाली काही आहे असं सांगूनही कोणाला पटलं नसतं. आम्ही फक्त बसून राहिलो. पाणलोट लहान, त्यामुळे ओढा झटकन चढतो आणि झटकन उतरतो. दुपारपासून चार तासांत पाणी दोन विती खाली आलं. संध्याकाळी अस्वलाचं पोट दिसायला लागलं तेव्हा वरचा भाग वल्हवण्याजोगा वाटला. दिवसभराची कमाई एवढीच, पण तिच्यावाचून पुढचं सगळं अंदाजपंचे झालं असतं.

तिसऱ्या फेरीबद्दल थोडक्यात आटोपतो, कारण आठवलं तरी खांदे दुखतात. होडी २१ किलो. दोर, कॅराबिनर, पुली, हेल्मेट, जॅकेट धरून प्रत्येकाच्या पाठीवर तीसच्या आसपास ओझं. सॅकचा कंबरपट्टा होडीला बांधून पाठीवर घ्यायची युक्ती सपाटीवर ठीक. झुडपात शिरलं की होडीचं नाक प्रत्येक फांदीला नमस्कार करत जातं. शेवटचा उतार होड्या दोराने खाली सोडल्या. पाच तास लागले. पूररेषेच्या बऱ्याच वर झाडाला उलट्या बांधल्या आणि रिकाम्या हाती परतलो. ओझं आणि वल्हवणं एका दिवसात करू नये हे सरांचं म्हणणं. थकलेल्या माणसाला प्रत्येक उडी सोपी वाटायला लागते, कारण त्याला पुन्हा होडी उचलायची नसते.

चौथी फेरी. अस्वल पोटापर्यंत. काटकीला १० मीटरला ८ सेकंद, रुंदी ६, खोली अर्धा मीटर : ३.२ क्युमेक. सकाळी साडेआठला पाण्यात.

पहिला किलोमीटर म्हणजे मेजवानी. तिसऱ्या श्रेणीचे खळाळ (अवघडपणा एक ते सहा श्रेणींत मोजतात), एकामागून एक एड्या. पुढचा एडीत थांबतो, वल्हं उभं धरतो, मागचा निघतो. एक लांब घसरगुंडी आहे, तिला आम्ही पाटा म्हणतो, वरवंटा आपण. मग दोन मीटरचा उंबरठा. इथे बूफ (नाक वर ठेवून होडी सपाट उतरवायचा फटका) मस्त बसला. कडेवर पोचेपर्यंत वल्हं राखून ठेवायचं, नाक कडेच्या पुढे डोकावलं की पातं कडेच्या मागे खोल रोवायचं आणि कंबर पुढे ढकलायची. होडी आडवी, सपाट उतरते आणि फेसावर आपटल्याचा एक पोकळ आवाज येतो, रिकामी बादली उपडी टाकल्यासारखा. तो आवाज ऐकला की मी दिवसभर खूष.

बहुधा त्याच खुषीत पुढच्या जागी पोचलो. तीन मीटरची उडी आणि खाली होल, म्हणजे पाणी उलटं मागे फिरून होडीला धरून ठेवतं ती जागा. कमी पाण्यात इथे होल नव्हतंच, नुसता डोह होता.

"खालून बघितलंस का?" सरांनी विचारलं.

"दिसतंय की सर इथून."

"वरून सगळेच गरीब दिसतात. खाली जा."

गेलो. खालून बघितल्यावर लक्षात आलं की पाणी जिथे वर उसळून दोन्हीकडे फुटतं ती रेषा उडीच्या पायथ्यापासून दोन होड्यांएवढी लांब आहे. तिच्या अलीकडचं सगळं पाणी मागे, उडीकडे ओढलं जातं. होलची दोन टोकंही वरच्या अंगाला वळलेली, म्हणजे कडेने निसटायची सोय नाही. फक्त उजव्या टोकाला एक चिंचोळी पळवाट. नाव तिथल्या तिथे पडलं : जातं.

सर दोर घेऊन खाली उजव्या काठावर उभे राहिले. ताई पहिली गेली, उजवीकडून, पळवाटेच्या वर नाक ठेवून, केसही न भिजवता. मग मी. फटका अर्धा सेकंद आधी मारला. एवढंच. कडेवर पोचलो तेव्हा ओढायला वल्हं मागे गेलेलं होतं, नाक खाली गेलं आणि होडी उभी पाण्यात घुसली. वर आलो तो उलटा आणि जात्याच्या ऐन मध्यात. पहिला रोल अर्धवट, दुसरा झाला पण लगेच परत उलटलो, तिसऱ्यात श्वास संपला. स्कर्ट (होडीचं तोंड बंद करणारं कंबरेभोवतीचं झाकण) ओढला आणि होडीतून बाहेर पडलो.

होलमधून पोहत बाहेर पडताना वरचं पाणी मागे ओढतं, बाहेर जाणारं पाणी खालून असतं. अंगाचा गोळा केला. दोनदा घुसळून तिसऱ्यांदा खोल ओढला गेलो, कानात दडे बसले, आणि एकदम उजेड. डोकं बाहेर आलं तर दोर छातीवर पडलेला. तो खांद्यावरून घेऊन पाठीवर झालो, पाय वर. पाणी कमरेएवढंच होतं आणि उभं राहायचा मोह प्रचंड होता, पण वाहत्या पाण्यात दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की प्रवाह माणसाला पुढे मुडपतो आणि मग कंबरभर पाणीही पुरतं. काठाला पाठ टेकेपर्यंत झोपूनच राहिलो.

होडी पाच मिनिटं दळली गेली आणि मग आपोआप सुटली. वल्हं गेलं, थेट घळीत. ताईच्या होडीत चार तुकड्यांचं जोडवल्हं होतं म्हणून उरलेला दिवस निभावला. इतके दिवस त्या तुकड्यांचं ओझं फुकट वाटायचं, आता वाटणार नाही.

आता ती एडी. सर पुढे पायी जाऊन बघून आले. ०.५७ क्युमेकला तीन होड्या मावणारी माझी ऐसपैस एडी ३.२ ला एका होडीपुरती उरली होती, आणि तिच्यापर्यंतचा प्रवाह भिंतीला घासत, जोरात. ती चुकली तर पुढे थेट सात मीटर, न बघता. चुकली नाही तरी तिघांना एकेक करून तीत शिरायचं, म्हणजे पहिल्याने जागा रिकामी करायला धबधबा उतरायलाच हवा.

मला सात मीटरची भीती नव्हती. लोक नेहमी उंची विचारतात. कयाकपटू टायलर ब्रॅडट २००९ मध्ये अमेरिकेतल्या पलूस फॉल्सवरून उतरला, सुमारे ५७ मीटर, आणि वल्हं मोडून का होईना, धडधाकट बाहेर आला. २०११ मध्ये त्याच्या निम्म्या उंचीच्या अबिक्वा फॉल्सवर त्याचा मणका मोडला. उंचीवरून फारसं ठरत नाही. आमच्या ओढ्यावर प्रश्न होता, धबधब्याआधी थांबता येतं का. त्या पाण्यात येत नव्हतं. श्रेणींची जी पद्धत सगळे वापरतात तीही सांगते की जागा दुर्गम असेल तर खळाळ एक पायरी वरचा धरा. म्हणजे आमच्या चौथ्या श्रेणीच्या जागा पाचवीतल्या झाल्या. आणि मी नुकताच चौथीत पोहून आलो होतो.

धबधब्याच्या १५० मीटर वरच्या शेवटच्या खात्रीच्या एडीत बाहेर पडलो. घळ वरून वळसा घालून टाळली. एवढ्याशा अंतराला दोन तास चाळीस मिनिटं, त्यातली निम्मी होड्या दोराने उतरवण्यात. कोणी फार बोललं नाही.

शेवटचा किलोमीटर सुटसुटीत, पण एका वळणानंतर अख्खं झाड आडवं पडलेलं, फांद्या पाण्यात. तिसऱ्या फेरीला आम्ही नेमके तिथूनच वर चढलो होतो, तेव्हा नव्हतं. पुढे असलेल्या ताईने एक शिट्टी वाजवली, आम्ही जिथे होतो तिथे एड्या पकडल्या, उतरलो, दहा पावलं चाललो, परत बसलो. चारला गाडीजवळ.

वहीत ती रेघ मारलेली ओळ खोडली आणि शेजारी दोन्ही दिवसांचं पाणी लिहिलं. पुढची फेरी परत होड्यांशिवाय. अस्वलाचे फक्त पंजे बुडालेले असतील, दीड-दोन क्युमेकच्या आसपास, तेव्हा जायचं आणि ती एडी सोडून दुसरं काही बघायचं नाही. तेवढ्या पाण्यात ती दोन होड्यांची असेल तर विचार करू. उजव्या भिंतीवरून दोर लावून माणूस धबधब्याच्या पायथ्याशी उतरवता येतो का तेही तपासायचंय.

माझं वल्हं घळीत कुठेतरी आहेच. जाता जाता दिसलं तर घेऊन येऊ.