सात वर्षांच्या मुलांना राखीव कशाला ठेवता?

परवा दादाने नेरुळहून व्हिडिओ पाठवला. भाच्याच्या फुटबॉल अकॅडमीची आठ वर्षांखालच्या मुलांची टुर्नामेंट, भाड्याचं टर्फ, सात-सात जणांचे संघ. भाचा बराच वेळ पाण्याच्या बाटल्यांशेजारी बिब घालून बसलेला दिसतो. शेवटी त्याला आत घेतात. चेंडू त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच जाळीबाहेरून तीन-चार बाबा एकदम ओरडतात, "लांब मार रे! लांब!" त्याने मान वळवून आवाजाकडे पाहिलं आणि जमेल तसा लांब मारला. शिट्टी झाली, संघ जिंकला. खाली दादाने लिहिलं होतं, "चॅम्पियन्स!"

मला राग आला. अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

आमची मुलगी भाच्याच्याच वयाची. स्टुटगार्टजवळच्या आमच्या गावातल्या क्लबात ती खेळते. जर्मनीच्या फुटबॉल महासंघाने 2024-25 च्या हंगामापासून लहान मुलांच्या फुटबॉलचे नियम देशभर बदलले. तिच्या वयाला तीन विरुद्ध तीन. छोटं मैदान, दोन्ही टोकांना दोन-दोन छोटे गोलपोस्ट, गोलकीपर नाही. चेंडू बाहेर गेला की थ्रो-इन नाही, पायाने आत आणायचा. आणि गोलपासून सहा मीटरच्या पट्ट्यात शिरल्याशिवाय मारलेला गोल धरतच नाहीत. म्हणजे "लांब मार" ओरडून काही उपयोगच नाही! पोरांना चेंडू घेऊन पुढे जावंच लागतं, समोरच्याला चकवावं लागतं, एक गोल अडवलेला दिसला तर मान वर करून दुसरा शोधावा लागतो.

पण मी भारावून गेले ती बदलीच्या नियमाने. गोल कोणीही करो, दोन्ही संघांतला एकेक खेळाडू ठरलेल्या क्रमाने बाहेर येतो आणि बाहेरचा आत जातो. कोचने निवड करायचीच नाही. सगळ्यात चपळ मुलगाही नंबर आला की बाहेर, आणि बुटाची नाडी सुटलेली, ढगांकडे बघणारी मुलगीही नंबर आला की आत. गेल्या महिन्यात नवीन आलेला एक मुलगा होता, जर्मनचा एक शब्द येत नव्हता त्याला. रेषेवर उभा राहून तो नुसता बाहेर येणाऱ्याच्या हाताकडे बघत होता. टाळी मिळाली की आत पळायचं, एवढंच त्याला कळलं होतं आणि तेवढं पुरलं. तिघांत एक असल्यावर चेंडू पायाशी येणारच, तो टाळता येत नाही. तासाभरात त्याने जेवढे टॅकल केले, जेवढे चेंडू घालवले आणि परत मिळवले, तेवढे माझ्या भाच्याला अख्ख्या टुर्नामेंटमध्ये मिळाले नसतील. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शाळेत आपण हुशार पोरालाच पुस्तक देऊन बाकीच्यांना खिडकीत बसवतो का?

रविवारी फोनवर दादाचं आणि माझं वाजलंच. "जिंकायचंच नाही तर खेळायचं कशाला? मुलं नाजूक होतात तिकडची," दादा म्हणाला.

हा प्रश्न जर्मनीतही जोरात विचारला गेला. बोरुसिया डॉर्टमुंड या बड्या जर्मन क्लबचे तेव्हाचे प्रमुख हान्स-योआखिम वात्स्के यांनी 2023 मध्ये जाहीर टीका केली होती, की हरण्याचा अनुभवच मिळाला नाही तर मुलांत जिंकण्याची ताकद येणार कुठून. पण इथे मुलं हरतात! छोटे छोटे सामने होतात. जिंकणारा संघ पुढच्या मैदानावर, हरणारा मागच्या. त्यामुळे तोडीस तोड जोडी मिळत जाते. हंगामाचा गुणतक्ता मात्र ठेवत नाहीत. स्कोअर पोरांना तोंडपाठ असतो, घरी येईपर्यंत आमची तोच सांगत असते. आणि हे ठरवणारा देश काही ऐरागैरा नाही. चार विश्वचषक आहेत. 2000 च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, गटातच बाद झाल्यावर त्यांनी 2002 पासून देशभर प्रशिक्षण केंद्रांचं जाळं उभारलं, 2014 ला विश्वचषक घेतला. 2018 च्या विश्वचषकात पुन्हा गटातच गारद झाले, आणि तेव्हाही दुरुस्ती पार सहा-सात वर्षांच्या मुलांपर्यंत नेली.

आता कोणी म्हणेल, बाहेर गेली आणि नावं ठेवायला लागली. तर ऐका. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची स्पेन-माली उपांत्य लढत आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. त्या दिवशी गोल करणारा फेरान टोरेस पुढे स्पेनकडून युरो जिंकला. हे मी इथल्या पालकांना अभिमानाने सांगते. त्या स्पर्धेत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. घणसोलीला रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकॅडमी आहे. लहान मुलांच्या बेबी लीग भारतीय महासंघानेही 2018 मध्येच सुरू केल्या. आपल्याकडे कळत नाही असं मुळीच नाही. उलट आम्ही सेक्टरच्या मैदानात चपलांचे गोल करून, रेफरीशिवाय, येईल त्याला घेऊन खेळायचो. इथे संध्याकाळी रस्त्यावर तसं चिटपाखरू नसतं, आणि ते मला फार खुपतं.

भाच्याच्या सरांचाही मी दोष मानत नाही. इथे मुलीचा कोच म्हणजे तिच्याच मैत्रिणीचा बाबा, पेशाने इलेक्ट्रिशियन, क्लबात हौसेने येतो. क्लबची वर्षाची वर्गणी आपल्याकडच्या अकॅडमीच्या दोन-तीन महिन्यांच्या फीएवढी, आणि मैदान गावाचं. नेरुळमधल्या सरांचं घर त्या फीवर चालतं. टर्फचं भाडं तासावर. दिवाळीपर्यंत चषक दिसला नाही तर पालक पोरगं उचलून दुसऱ्या अकॅडमीत घालतात. मग सर अंगाने थोराड पोरं खेळवणारच. आठ वर्षांखालच्या गटात जानेवारीतला आणि डिसेंबरातला मुलगा यांच्यात जवळपास वर्षाचं अंतर असतं, आणि त्या वयात ते उंचीत दिसतं. थोराड दिसतो तो खेळतो, खेळतो तो सुधारतो. भाचा नोव्हेंबरचा आहे.

मुलीला आजी-आजोबांपासून लांब वाढवतोय याची बोच आहेच. शनिवारी सकाळी तिला खेळताना बघितलं की आपला निर्णय बरोबर होता असं वाटतं, हेही खरं. पण ह्यात जर्मनीच लागतं असं काही नाही. एका टर्फचे आडवे दोन भाग करा, आठ छोटे गोल ठेवा, एका वेळी बारा मुलं चेंडूभोवती असतील. खर्च तोच.

सरांना मी हे सगळं लिहून पाठवलं. रविवारच्या बॅचचा शेवटचा अर्धा तास ते द्यायला तयार आहेत, पालकांची हरकत नसेल तर. वहिनीने ग्रुपवर विचारलंय, निम्म्यांचा होकार आलाय. दादा अजून "बघू" म्हणतोय, पण शिरवण्याच्या प्लंबरकडून पाइपचे गोल करून घ्यायचं त्याने कबूल केलंय. ठाण्यात किंवा खारघरला कोणी लहान मुलांना असं खेळवत असेल तर मला जरूर कळवा. दादाला तिथे घेऊन जायला वहिनी तयार आहे.