कूलंटमध्ये ऑइल दिसलं म्हणून लगेच हेड उघडू नका

कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत कॉफीच्या रंगाची घट्ट साय दिसली की बहुतेक जण थेट हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचं, नाव घेतात. हेड उतरवण्याआधी डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढून बघा. कूलंटमध्ये तेल आहे, पण इंजिन ऑइल स्वच्छ आहे, असं असेल तर पहिला संशय ऑइल कूलरवर, म्हणजे कूलंटने तेल गार करणाऱ्या भागावर, घ्यायचा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब ३-४ बारपर्यंत जातो, कूलंटचा मात्र १ बारच्या आसपासच राहतो. त्यामुळे कूलरच्या आतल्या पत्र्याला भेग गेली की तेल पाण्यात ढकललं जातं, चालू इंजिनात पाणी तेलात जात नाही.

डिपस्टिकवरच दुधाळ तेल आलं असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करू नका, बेअरिंग जातील. फक्त ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळट फेस असेल आणि गाडी रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर तो बहुधा नुसता साचलेला दमट वाफारा असतो.

गॅस्केटची खूण वेगळी. गार इंजिन सुरू केल्यावर टाकीत सतत बुडबुडे येतात, रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) काही मिनिटांतच दगडासारखा कडक होतो. ब्लॉक टेस्टर (टाकीतल्या हवेत सिलिंडरचा गॅस आहे का ते तपासायचं साधन) लावल्यावर त्यातला निळा द्राव पिवळा पडला, की सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय हे पक्कं. ऑटोमॅटिक गाडीत साय गुलाबी असेल तर रेडिएटरमधला गिअरबॉक्सचा कूलर फुटलाय. तिथे आधी गिअरबॉक्स वाचवायचा, कारण पाण्याने क्लच प्लेट्सचं अस्तर सुटतं. गिअरबॉक्सचं तेल एकदा ड्रेन करून भागत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाने जोडणाऱ्या भागात) बरंच तेल अडकून राहतं.

आणि ते तेलच आहे ना? न जुळणारे दोन कूलंट मिसळले तरी गाळ होतो. चमचाभर गाळ काचेच्या बाटलीत गरम पाण्यात हलवून रात्रभर ठेवा. तेल वर तरंगतं, गंज आणि जेल तळाशी बसतात.

ऑइल कूलर काढल्यावर एक तोंड बंद करून २-३ बार हवा द्या आणि गरम पाण्यात बुडवा. गार असताना न दिसणारी भेग गरम झाल्यावर कधी कधी उघडते. आधी गळती बंद करा, मगच धुवायला घ्या. उलट क्रमाने केलेली धुलाई आठवडाभरात वाया जाते.

धुण्यासाठी भांडी घासायचा लिक्विड नको, त्याच्या फेसाने पंप हवा ओढतो. डिशवॉशर मशीनची फेस न होणारी पावडर घ्या. सहा लिटरच्या सिस्टीमला ५०-६० ग्रॅम, गरम पाण्यात पूर्ण विरघळवून. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन लवकर तापत नाही, म्हणून रेडिएटरचा काही भाग पुठ्ठ्याने झाका आणि तापमानाचा काटा बघत राहा. १५-२० मिनिटं चालवून पाणी कोमट असतानाच सोडा. गार झालं की तेलाची मळी पुन्हा भिंतींना चिकटते. पावडर आत ठेवून रात्र काढू नका, ती अॅल्युमिनियम खाते. असे तीन ते पाच फेरे लागतात, नंतर साध्या पाण्याचे दोन.

हीटर कोअरच्या (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) नळ्या बारीक असतात, तिथली मळी सहज निघत नाही. दोन्ही होज सोडून उलट दिशेने हलक्या दाबाने पाणी मारा. होज क्लॅम्पजवळ दाबून बघा: मऊ, फुगीर लागला तर बदला, तेलाने त्याचं रबर सुजतं. टाकीचं झाकण आणि थर्मोस्टॅट तर नवेच घाला.

भरताना बहुतेकांची चूक होते. ब्लॉकमध्ये धुतलेलं दीड-दोन लिटर पाणी उरलेलंच असतं, त्यात तयार मिश्रण ओतलं तर कूलंट पातळ होतो. सहा लिटरच्या सिस्टीमला आधी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला कूलंट), मग डिस्टिल्ड वॉटरने पातळी, मग एअर ब्लीडिंग, म्हणजे आत अडकलेली हवा काढणं. जुना कूलंट डब्यात झाकून ठेवा. चवीला गोड असतो, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

शंभर किलोमीटरनंतर टाकीत पुसट तवंग दिसेल. तो उरलेल्या मळीचा, फडक्याने टिपून घ्या. पण तो दर वेळी जाड होत असेल आणि डिपस्टिकवरची पातळीही उतरत असेल, तर गळती अजून शिल्लक आहे.