तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा बाळाला शॉक कशाला?

"मॅडम, एवढ्याशा जिवाला शॉक द्यायलाच हवा का?" मी ईएमजीच्या, म्हणजे नसा आणि स्नायूंच्या तपासणीच्या, खोलीत टेक्निशियन आहे आणि जवळपास प्रत्येक आई मला हे विचारते. विचारायलाच हवं.

मान धरत नाही, पालथं पडत नाही, काखेत धरून उचललं की हातांतून निसटतं, अशी बाळं आमच्याकडे येतात. अंग ढिलं असलेल्या बहुतेक बाळांचं मूळ कारण मेंदूत असतं. त्यांना या तपासणीतून फारसं काही मिळत नाही, ती उगाच करू नये. पण एखादं बाळ टकामका बघतं, हाक मारली की हसतं, पाय मात्र बेडकासारखे पसरलेले आणि गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. तिथे दुखणं मज्जारज्जूतल्या पेशी, संदेश नेणारी नस (रक्ताची नव्हे), नस-स्नायूचा सांधा किंवा स्नायू, यांपैकी कुठेतरी असण्याची शक्यता जास्त. नेमकं कुठे, ते आम्ही शोधतो.

शॉक म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघायला त्वचेवरून दिलेला झटका, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळाचा. बाळ आईच्या मांडीवरच असतं. मी आधी त्याचं पाऊल हातात घेते. गार लागलं तर दुपट्यात गुंडाळून थांबते, कारण गार पायातली नस संथ चालते आणि नसलेला आजार दिसतो. मग टेपने अंतर मोजते. दोन खुणांमध्ये जेमतेम सहा-सात सेंटीमीटर, त्यात अर्धा चुकला की वेग चुकला. नवजात बाळाच्या नसेचा वेग मोठ्यांच्या साधारण निम्मा असतो, तो त्यांच्याइतका व्हायला ३ ते ५ वर्षं जातात. म्हणून आकडा वयाच्या तक्त्याशीच ताडून बघायचा.

तपासणीचा दुसरा भाग सुईचा, ती स्नायूत डॉक्टर घालतात. ती दुखते, हे मी आईपासून लपवत नाही.

एसएमए या, मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मरत जाण्याच्या जनुकीय आजारात स्पर्शाच्या नसा ठीक असतात, स्नायूंकडे जाणाऱ्या नसांचा प्रतिसाद मात्र तोकडा येतो. पण संशय तोच असेल, तर एसएमएन१ जनुकाची रक्ततपासणी आधी करावी, सुईसाठी थांबू नये. आता त्यावर औषधं आहेत आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत. स्नायूंच्या काही आजारांत तर एवढ्या लहान वयात आमचा रिपोर्ट नॉर्मलही येतो. तेव्हा नॉर्मल रिपोर्ट हातात आला तरी डॉक्टरांकडे परत जा.

आणि त्या दिवशी बाळाला तेल लावून आणू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. मध्येच भूक लागली तर खुशाल पाजा, मी थांबते.