खोली गार आहे, एवढ्यावरून यंत्रणा ठीक आहे असे मानू नये

मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणेची देखभाल करताना "अजून कोणाची तक्रार आलेली नाही" हे वाक्य वारंवार कानावर पडते आणि माझ्या मते या व्यवसायातील सर्वांत महागडे वाक्य तेच आहे. घरातील एसी बिघडला की खोली तापते आणि लगेच कळते. मध्यवर्ती यंत्रणेचे तसे नसते. तिची आखणी वर्षातील सर्वांत कठीण दिवसाचा भार गृहीत धरून केलेली असते. त्यामुळे एरवी तिच्याकडे बरीच क्षमता शिल्लक राहते आणि नियंत्रण प्रणाली हीच शिल्लक वापरून निर्माण झालेला दोष झाकत राहते. फिल्टर तुंबला की पंखा वेग वाढवतो, चिलरच्या, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या, नळ्यांवर थर बसला की कॉम्प्रेसर अधिक जोर लावतो, आणि खोलीतील तापमान मात्र 24 अंशांवरून हलत नाही. ज्याला दोष वेळीच ओळखायचा आहे, त्याने ते 24 अंश राखण्यासाठी यंत्राला किती कष्ट पडत आहेत, याकडे लक्ष द्यावे.

पंख्याचे उदाहरण घेऊ. वेग बदलू शकणाऱ्या पंख्याला लागणारी वीज ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 80 टक्के वेगाने चालणारा पंखा पूर्ण वेगाच्या तुलनेत जवळपास निम्मीच वीज घेतो. तोच पंखा काही आठवड्यांत, भार तेवढाच असताना, 95 टक्क्यांवर जाऊन पोहोचला असेल, तर कोठेतरी हवा अडत आहे किंवा गळत आहे. फिल्टरच्या दोन्ही बाजूंमधील दाबाचा फरक दाखवणारा मापक बहुतेक एअर हँडलिंग युनिटवर, म्हणजे खोल्यांना हवा पुरवणाऱ्या पेटीवर, असतो, पण त्याची नळी निसटलेली आहे की नाही, हे आधी पाहावे. शून्यावर स्थिरावलेला काटा म्हणजे फिल्टर स्वच्छ असल्याचा पुरावा नव्हे.

चिलरच्या बाबतीत मी एका आकड्याला सर्वाधिक महत्त्व देतो, तो म्हणजे ॲप्रोच. कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागात, रेफ्रिजरंट (उष्णता वाहून नेणारा, बोलीत 'गॅस' म्हटला जाणारा पदार्थ) ज्या तापमानाला द्रवरूप होतो ते तापमान आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान, यांतील फरकाला ही संज्ञा आहे. नळ्या स्वच्छ असताना हा फरक अनेक यंत्रांत एक-दोन अंशांच्या आसपास असतो. नळ्यांच्या आत क्षार किंवा शेवाळासारखा चिकट थर साचू लागला की उष्णता पाण्यात उतरण्यास अडथळा होतो आणि फरक हळूहळू वाढतो. एका दिवसाच्या नोंदीवरून येथे काहीच सिद्ध होत नाही, कारण भार कमी झाला की ॲप्रोचही कमी होतो; म्हणून तुलना नेहमी सारख्याच भाराच्या नोंदींची करावी. शिवाय ॲप्रोच वाढण्याचे कारण दर वेळी घाण हेच असते, असेही नाही. कमी दाबाच्या रेफ्रिजरंटवर चालणाऱ्या यंत्रांत बाष्पीभवनाच्या बाजूचा दाब वातावरणापेक्षा कमी असतो, त्यामुळे फट पडली तर हवा आत शिरते, ती कंडेन्सरमध्ये जाऊन साचते आणि परिणाम हुबेहूब घाणेरड्या नळ्यांसारखा दिसतो. अशा यंत्रावर हवा बाहेर टाकणारे पर्ज युनिट असते व ते किती वेळ चालले याची नोंद होते. हा वेळ वाढत असेल, तर नळ्या घासण्यापूर्वी गळती शोधलेली बरी.

"गॅस कमी झाला होता, भरला" ही लॉगबुकातील नोंद तर मला नेहमीच अस्वस्थ करते. रेफ्रिजरंट बंद चक्रात फिरतो, तो इंधनासारखा खर्च होत नाही. कमी झाला याचा अर्थ तो कोठून तरी बाहेर गेला. जोडांवर, व्हॉल्व्हच्या दांड्याजवळ दिसणारा तेलाचा डाग ही त्याची पहिली खूण, कारण रेफ्रिजरंटबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते. केवळ सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या वायूचा, दाब कमी दिसतो म्हणून गॅस भरणे चुकीचे आहे. सुपरहीट (रेफ्रिजरंटची वाफ उत्कलन तापमानाच्या वर जितके अंश तापते ते) वाढलेली आणि सबकूलिंग (द्रव रेफ्रिजरंट द्रवरूप होण्याच्या तापमानाच्या खाली जितके अंश थंड होतो ते) घटलेली असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. सुपरहीट वाढूनही सबकूलिंग टिकून असेल किंवा वाढलेली असेल, तर ड्रायर (ओलावा शोषणारा फिल्टर) किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (रेफ्रिजरंटचा दाब उतरवणारी झडप) तुंबल्याचा संशय घ्यावा.

विजेच्या बाजूने मोटरच्या तिन्ही फेजचा प्रवाह मोजण्यास क्लॅम्प मीटरने दोन मिनिटे लागतात. व्होल्टेजमधील थोडासा असमतोलही प्रवाहात कित्येक पटींनी उमटतो, आणि त्याने वाढणारी उष्णता मोटरच्या वेष्टणाचे आयुष्य कमी करते. पट्ट्याखाली साचलेली काळी भुकटी, बेअरिंगचा बदललेला आवाज या गोष्टी अनुभवी माणसाला सांगाव्या लागत नाहीत.

तापवण्याच्या यंत्रणेत दोन नोंदी पुरेशा बोलक्या असतात. बॉयलरच्या धुराड्यातील वायूचे तापमान सारख्याच भाराला वाढत चालले, तर आत काजळी किंवा क्षार साचत आहेत असे समजावे. साधारण 22 अंशांच्या वाढीमागे कार्यक्षमता सुमारे एक टक्क्याने घटते. दुसरी नोंद भरणा पाण्याच्या मीटरची. बंद चक्रात नवे पाणी जवळजवळ लागूच नये. ते लागत असेल, तर गळती आहेच, आणि प्रत्येक नव्या पाण्याबरोबर आत येणारा ऑक्सिजन नळ गंजवत आहे. ज्वलन बिघडल्याचा संशय मात्र नोंदींवर सोडू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो. तेथे बर्नर बंद करून तपासणीच करावी.

सर्वांत चतुरपणे लपणारा दोष म्हणजे एकाच वेळी तापवणे आणि थंड करणे. गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होता थोडा झिरपत राहतो, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह तेवढाच जास्त उघडतो, आणि दोन्हींची बिले भरली जातात. पडद्यावर व्हॉल्व्ह शून्य टक्के उघडा दिसतो, परंतु ती केवळ दिलेली आज्ञा असते. खरी स्थिती जाणून घेण्यासाठी आज्ञा शून्य असताना कॉइलच्या (हवा तापवणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्याच्या) आधीचे व नंतरचे हवेचे तापमान मोजावे. बाहेरची हवा घेणाऱ्या डॅम्परचेही, म्हणजे पात्यांच्या झडपेचेही, असेच. मोटर फिरते, पण दांडा सैल झाल्याने पाती जागची हलत नाहीत.

फेरीच्या शेवटी मी पॅनेलवरील हँड-ऑफ-ऑटो (हाताने चालू, बंद किंवा स्वयंचलित) स्विच पाहतो. ऑटोवर असायला हवा असलेला पंप हँडवर आढळला, तर कोणीतरी कधीतरी एका अडचणीवर तात्पुरता उपाय केला आणि ती अडचण तशीच राहिली, असा त्याचा बहुधा अर्थ निघतो. मग तो लगेच ऑटोवर न टाकता हँडवर का नेला गेला, हे पाळीतल्या ऑपरेटरला आधी विचारावे, कारण मूळ दोषाचा पत्ता पुष्कळदा त्यालाच ठाऊक असतो.