बागलाणात सफरचंद: काटक्या आणल्या तिथपासून पहिल्या बहारापर्यंत

आधीच सांगून टाकतो, हे वाचून कोणी लगेच उभी डाळिंबाची बाग उपटायला निघू नका. मला रोज दोन-चार फोन येतात, भाऊ सफरचंद लावू का, एकरी किती निघतं, रोपं कुठून आणली. सगळ्यांना तेच तेच सांगून घसा बसला म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं, चुकांसकट.

आमचं गाव नाशिक जिल्ह्यात, सटाणा म्हणजेच बागलाण तालुक्यात. घरची साडेसहा एकर, मी, धाकटा भाऊ आणि आप्पा असे तिघं राबतो, तोडणी-प्रतवारीला आई आणि बायको. डाळिंब हीच आमची ओळख, भगवा जातीचं. त्याच पैशावर घराचा स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं, ट्रॅक्टर दारात आला. मग तेल्या रोग आला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, फळावर आधी तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग दिसतो, तो काळा पडत जातो आणि एक दिवस फळ त्या डागावरच एल नाहीतर वाय सारखं तडकतं, संपला विषय. फवारण्या करून करून दुकानाची उधारी वाढली पण तेल्या काही हटला नाही, त्यातून जी झाडं वाचली ती मर रोगानं वाळवून नेली. 2018 ला दीड एकराचा प्लॉट काढला. जेसीबी चालू होता तेव्हा आप्पा शेतात आलेच नाहीत, मळ्यातल्या ओट्यावर तिकडं पाठ करून बसून राहिले.

त्या मोकळ्या रानात काय लावायचं यावर घरात महिनाभर वाद. भाऊ म्हणे कांदा, आप्पा म्हणे परत डाळिंबच, आणि मी रात्री मोबाईलवर सफरचंदाचे व्हिडिओ बघत बसलेलो. एचआरएमएन 99 नावाची जात, हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मांनी काढलेली. घरामागं टाकलेल्या सफरचंदाच्या बियांतून 1999 च्या सुमारास रोप उगवलं, त्यांनी ते जपलं, कलमं केली आणि उन्हाळ्यात 40 च्या वर पारा जाणाऱ्या भागात फळ आलं. गाव फक्त 1800 फुटांवर, म्हणजे आपल्या नाशिकपेक्षा उंच नाही. मला हेच पटलं. त्यांना 2025 ला पद्मश्री मिळाली, पण आम्ही रोपं मागवली तेव्हा आमच्या गावात त्यांचं नाव कोणाला माहीत नव्हतं. आप्पांना मी फोटो दाखवला तर म्हणे, ‘हाई काय शे? सफरचंद बर्फात येतं, इथं मे महिन्यात माणूस वाळून जातो.’

त्यांचंही चुकीचं नव्हतं. शिमल्याकडच्या नेहमीच्या लाल सफरचंदाला हिवाळ्यात 7 अंशाच्या खालचे 1000 च्या आसपास तास लागतात, तेवढी झोप झाली नाही तर काडीवरचा डोळा फुटतच नाही. आपल्याकडं पहाटे द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवतात इतकी थंडी पडते खरी, पण दुपारी परत शर्ट ओला. म्हणून कमी थंडीवाल्याच जाती घ्यायच्या, एचआरएमएन 99, नाहीतर इस्रायलची अ‍ॅना आणि तिच्या परागीकरणाला डोरसेट गोल्डन. शेवटी भावाला एक एकर कांद्याला दिलं आणि मी 20 गुंठे घेतले, 14 बाय 10 फुटांवर 155 झाडं बसली, 120 एचआरएमएन, 25 अ‍ॅना, 10 डोरसेट.

रोपं आली जानेवारी 2019 ला, ट्रान्सपोर्टनं नाशिकला, तिथून पिकअपमध्ये. ओल्या भुशात गुंडाळलेली पोती. सोडली तर आत नुसत्या काटक्या, एक पान नाही, मुळांना मातीचा कण नाही. मला माहीत होतं की ती झोपलेली असतात आणि तशीच लावायची असतात, पण सव्वाशे रुपयाला एक याप्रमाणे काटकी घेतल्यावर आप्पांकडं बघायची हिंमत होईना. ते एकच वाक्य बोलले, ‘चूल पेटवायला बऱ्या आहेत.’

काटक्या फुटल्या पण. फेब्रुवारी संपता संपता हिरवे टोकं दिसायला लागले आणि मी रोज सकाळी मोजायला जायचो. इथं माझी पहिली मोठी चूक. 9 झाडांचा फुटवा सगळ्यात जोरात होता आणि मी खूश, सगळ्या गावाला तीच दाखवत होतो. वर्षभरानं एक नर्सरीवाला मित्र आला, खाली बसला, बुडाची माती हातानं बाजूला केली आणि हसायलाच लागला. कलमाची काडी कधीच मेलेली, फुटवा सगळा कलमाच्या जोडाच्या खालून, म्हणजे मी एक वर्ष नुसता खुंट, ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड, वाढवत होतो. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी जोडाच्या खालचं सगळं नखानं खुडायचं हा नियम, आणि जोड मातीत गाडला जाऊ द्यायचा नाही.

दुसरं पाणी. आमची जमीन काळी, पहिल्या पावसाळ्यात बुडाशी पाणी साचलं आणि 17 झाडं बुडातून सडून गेली. डाळिंबाला आम्ही गादीवाफा करायचो आणि इथं सपाटीवर लावली, का तर म्हणे हिमाचलच्या व्हिडिओत सपाट दिसत होतं. अरे तिथं डोंगर आहे, पाणी आपोआप निघून जातं. नंतर मातीची भर घालून बेड केले, चर काढले, खोडाला चुना-मोरचुदाची बोर्डो पेस्ट लावली.

तिसरी चूक माझी नाही. 11 झाडं आजपर्यंत फुललेली नाहीत. उंच झाली, पानं छान, फूल शून्य. जात मिक्स आली हे उघड आहे. नर्सरीला फोन केला तर फोटो पाठवा, फोटो पाठवले तर शेठ बाहेर आहेत, नंतर फोन उचलणंच बंद. पक्कं बिल नव्हतं, लेबल नव्हतं, कोणाकडं जाणार. ती 11 झाडं अजून शिमल्याच्या थंडीची वाट बघत उभी आहेत, मी पण काढलेली नाहीत, सावलीला चारा ठेवतो. तुम्ही घेताना बिलावर जातीचं नाव लिहून घ्या आणि शक्य असेल तर ज्या झाडाची काडी आहे ते झाड फळासकट बघून या.

म्हणजे 155 मधून राहिली 118. पहिली तीन वर्षं जे काही फूल आलं ते खुडून टाकलं, झाड आधी झाड होऊ दिलं. पहिला खरा बहार धरला, म्हणजे झाड ठरवून फुलावर आणलं, डिसेंबर 2022 ला.

आता इथं गंमत आहे. हिमाचलात झाडाला थंडी झोपवते, आपल्याकडं आपण झोपवायचं. नोव्हेंबरात ठिबक कमी करत आणलं, ताण दिला, पण सफरचंदाचं पान काही गळेना, डिसेंबरात पण हिरवंगार. डाळिंबाला आपण इथ्रेल मारून पानगळ करतो तसं करावं का म्हणून दोन जणांना विचारलं, एक म्हणे मार, एक म्हणे कोवळ्या काड्या जळतील. मी घाबरलो आणि सगळी पानं हातानं काढली. 118 झाडं, चार बायका, पाच दिवस. मजुरी गेली पण झाड कोरं झालं, मग हलकी छाटणी, नुसती आत घुसलेली आणि एकमेकांवर घासणारी फांदी, आखूड जाड काड्यांना हात लावला नाही कारण फूल त्यांच्यावरच येतं. मग खत भरलं आणि पाणी सोडलं. काही झाडांना द्राक्षवाल्यांसारखी हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावून बघितली, त्यांचे डोळे सगळे एकदम फुटले, बाकीच्यांचे मागंपुढं.

जानेवारीच्या शेवटी फुलं. सफरचंदाचं फूल मी पहिल्यांदा हातात घेतलं ते आमच्याच रानात. कळी गुलाबी, उमलली की पांढरी, आणि गुच्छात पाच-सहा, मधलं सगळ्यात आधी उघडतं आणि तेच सगळ्यात जाडजूड फळ देतं. पंधरा दिवस एकही फवारणी नाही, शेजाऱ्यालाही हात जोडले की बाबा संध्याकाळी मार, मधमाश्या येऊ दे. शेजारी भला माणूस, ऐकलं त्यानं.

मग आली विरळणी आणि घरात महाभारत. एका गुच्छाला चार-पाच गोट्या लागलेल्या, ठेवायची एक, फार तर दोन. मी कात्री घेऊन एका झाडाखाली उभा राहिलो आणि पाडायला सुरुवात केली तर आप्पा मागून आले, खाली पडलेल्या गोट्या एक एक करून टोपीत गोळा केल्या, ओट्यावर जाऊन ओतल्या आणि मोजल्या. 312. ‘एवढ्यांचे किती किलो झाले असते?’ मी म्हटलं आप्पा, डाळिंबाची नाही का आपण सेटिंग झाल्यावर जास्तीची काढत. ते म्हणे डाळिंब डाळिंब आहे, हे चार वर्षांनी आलंय. त्याला मला उत्तर सुचलं नाही. रात्री जेवताना ठरलं, 117 झाडं माझी, बांधाजवळचं एक त्यांचं, त्याला कोणी कात्री लावायची नाही.

एप्रिल 2023 ला गारपीट झाली. कांद्याचं जे झालं ते सगळ्यांनी बघितलं, आमच्या सफरचंदाचा तिसरा हिस्सा तरी खाली पडला किंवा डागी झाला. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा भावाचा कांदा लिहिला आणि माझ्या प्लॉटकडं बघून विचारलं, हे काय पेरूये का. आणि हे पण लक्षात ठेवा, फळपीक विम्यात डाळिंब, द्राक्ष, पेरू, सीताफळ आहे, सफरचंद नाही. गेलं ते गेलं. त्यानंतर नेट टाकलं, त्यानं पोपट पण थांबले, उन्हानं फळाच्या एका बाजूला करपा पडायचा तो पण कमी झाला.

मेच्या शेवटी तोडणी, साधारण 400 किलो. फळ 100 ते 130 ग्रॅमचं, पिवळ्यावर लाल पट्टे, दुकानातल्यासारखं काळपट लाल नाही. चव आंबटगोड, करकरीत, पण आठ-दहा दिवसांत मऊ पडतं. पहिले 6 क्रेट मोठ्या हौसेनं मार्केटला पाठवले. अडत्यानं एक फळ फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला रंग नाही, साईज नाही, हे शिमला म्हणून विकणार कसं. 42 रुपये किलो. भाडं, हमाली, तोलाई जाऊन काय उरलं ते लिहीत नाही.

उरलेलं आईनं विकलं. सटाणा-ताहाराबाद रस्त्यावर छत्री लावून बसली, 100 रुपये किलो. मांगीतुंगीला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या पण कोणाचा विश्वासच बसेना. एक बाई फळ घेऊन नखानं खरवडून बघत होत्या मेण लावलंय का, मग विचारलं याला स्टिकर कसा नाही. आई म्हणाली, ‘ताई, झाडाला स्टिकर येत नाही. मागं बघा, ते आमचं रान.’ मग त्यांना रानात नेऊन झाडाला लागलेलं दाखवलं, त्यांनी पाच किलो घेतलं आणि वीस फोटो. तेव्हा कळलं की फळ विकणं तर आहेच, पण माणसाला झाड दाखवणं हा पण धंदा आहे. दुसऱ्या वर्षीपासून शेवटची दहा-बारा झाडं मुद्दाम रस्त्याच्या बाजूनं न तोडता ठेवतो.

हिशोब सांगतो कारण फोनवर सगळे तोच विचारतात. चार वर्षांत रोपं, ठिबक, मजुरी, औषधं मिळून एक लाख नव्वद हजार गेले, नेट वेगळं. पहिल्या बहाराचे आले 32 हजार. दुसऱ्या वर्षी नऊ क्विंटल निघालं, 2025 ला त्याहून जास्त लागलेलं पण पाऊस मे महिन्यातच सुरू झाला आणि तोडायला आलेली फळं झाडावरच सडायला लागली, रात्री बॅटरी लावून तोडली. तेव्हापासून बहार आठ-दहा दिवस अलीकडं धरतो. घर अजून डाळिंबावर आणि भावाच्या कांद्यावरच चालतं, सफरचंदाच्या शेजारी एक एकर भगवा परत लावलाय, गादीवाफ्यावर, दोन झाडांत अंतर वाढवून. कोणी विचारलं किती लावू तर मी म्हणतो दहा गुंठे लाव, तेवढं आई विकू शकते.

आप्पांच्या झाडाचं राहिलंच. बांधाजवळचं ते झाड दरवर्षी लगडून जातं, खाली बांबूचे टेकू लावावे लागतात, एक फांदी मोडली पण. फळं लिंबाएवढी होतात आणि आंबट. ते कबूल करत नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिलं तेच झाड दाखवतात, बघा म्हणे किती लागलंय. बाकीच्या 117 झाडांची विरळणी मात्र आता ते स्वतःच करतात, माझ्यापेक्षा कडक. आणि त्या लिंबाएवढ्या सफरचंदांचं आई लोणचं घालते, मोहरी जरा जास्त टाकून, छान लागतं.