आजीचे रोडगे आणि पुण्यतिथीची पंगत

अश्विन वद्य पंचमीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. अमरावती जिल्ह्यातल्या त्यांच्या आश्रमात, गुरुकुंज मोझरीला, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. गावची मंडळी आधी तिथं जाऊन येते, म्हणून खेड्यातल्या गुरुदेव सेवा मंडळांचे, म्हणजे महाराजांच्या विचारानं चालणाऱ्या मंडळांचे, कार्यक्रम पुढं हिवाळाभर चालतात. आमच्या मंडळाचाही तसाच, कापसाच्या वेचणीतून सवड काढून. पहाटे ग्रामसफाई, सडा-रांगोळी, रामधून. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीवर भजनं. पण कार्यक्रमाचं नाव निघालं की गावाला आधी आजीच आठवते.

निंदणं-वेचणं करून तिनं लेकरं शिकवली, मग सुना शेतात जायच्या तेव्हा नातवंडं सांभाळली. मंडळाची भट्टीही, म्हणजे पंगतीसाठी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गव्हाचे रोडगे भाजायचं काम, तिच्याचकडं.

शंभर माणसांना वीस किलो गहू, जाडसर दळलेला. पोळीचं बारीक पीठ ती परत पाठवायची, कारण त्याचा रोडगा चिवट होतो. किलोमागं अर्धी वाटी तेलाचं मोहन, मीठ, ओवा, पाणी बेतानं. गोळा घट्टच हवा. सैल भिजला की पदर एकमेकांना चिकटतात आणि मधात पिठूळ राहतं. पुरीएवढ्या तीन पाऱ्या तेलाचं बोट फिरवून एकावर एक ठेवायच्या, मग चौथ्या मोठ्या पारीत गुंडाळून तोंड मिटायचं. हे तोंड ती प्रत्येक रोडग्याचं स्वतः तपासायची, अंगठा फिरवून. उघडं राहिलं तर राख आत जाते, दाताखाली कचकच लागते.

गोवऱ्या खणखणीत वाळलेल्या लागतात; ओलसर गोवरीच्या धुराचा वास पिठात उतरतो. पोरं घाई करायची तेव्हा ती सराटा (उलथनं) आडवा धरून म्हणायची, “धूर हाय तोवर टाकू नोका बाप्पा, वरून काये होतीन अन् मधातून कच्चे राहतीन.” जाळ बसून निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की रोडगे पसरायचे, वरून गरम राख ओढायची. अर्ध्या तासानं पलटायचे, एकूण पाऊण ते एक तास. दाबल्यावर भेग पडली की झाले. फडक्यात घोळून राख झटकायची, फोडायचे, वर तूप.

सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. वांगी चिरली की लगेच मिठाच्या पाण्यात, नाहीतर काळी पडतात. सांबार (कोथिंबीर) भाजीचा गंज (पातेलं) उतरवताना टाकायचा.

तिचं सगळ्यात मोठं काम मात्र पंगतीतलं. आधी पुरुष, मग पोरं, अन् राबणाऱ्या बायकांच्या पानात शेवटी थंड वरण, अशी जुनी रीत होती. आजीनं पहिल्या भट्टीचे रोडगे लेकुरवाळ्यांना आणि म्हाताऱ्यांना वाढायला लावले. मंडळाच्या कारभाऱ्यांनी कुरकुर केली, तिनं ऐकलं नाही. भट्टीवरच्या बायकांसाठी एक टोपलं ती वेगळं झाकून ठेवायची. त्याला कुणी हात लावला तर खैर नसायची. सामुदायिक प्रार्थनेला एका रांगेत बसणाऱ्या गावात हे फार आधी व्हायला हवं होतं.

आता ती नाही. यंदा भट्टी थोरल्या सुनेकडं आहे, खंजिरी नातवाकडं. गोवऱ्या शाळेच्या मागच्या शेडमध्ये रचून ठेवल्या आहेत. पाऱ्या लाटायला येणाऱ्या पोरीबाळींनी आणि पोरांनीही सकाळी 8 वाजता तिथं यावं, पोळपाट घरून आणावा.